तक्रार : ‘सर, ताला दिख रहा है ना?’

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : तुम्ही न सांगता बसवलेल्या पुढच्या सर्व्हरमुळे आमची वेबसाइट बंद

आत्ता दुपारी पावणेदोनला तुमच्या लोकांशी सहावा फोन संपला. संपला म्हणजे तिकडून ठेवला. म्हणून आता लेखी.

बारा तारखेच्या रात्री तुम्ही ‘देखभाल’ केलीत. सकाळपासून आमची फराळाची साइट कुणाच्याच फोनवर उघडत नाही, ‘खूप वेळा रीडायरेक्ट झाले’ (म्हणजे ब्राउझरला सारखं दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं गेलं) एवढीच पाटी येते. दांडिया बाजारातल्या घरातून बायको आणि वहिनी चकल्या, अनारसे, करंज्या करून विकतात. वर्षाच्या निम्म्या ऑर्डरी दिवाळीआधीच्या पंधरवड्यात येतात, आणि तुम्हाला नेमका तोच मुहूर्त सापडला. एका ओळीचा मेल टाकून आधी कळवलं असतं तरी मी रात्र जागून सगळं सांभाळलं असतं.

कारण मलाच शोधावं लागलं. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला तर एकाच पानासाठी एकाखाली एक विसेक ओळी, दोन सेकंदांच्या आत, प्रत्येकीत ‘एचटीटीपी’, म्हणजे बिनकुलपाची जोडणी. आणि गिऱ्हाइकाच्या आयपीच्या (इंटरनेटवरच्या पत्त्याच्या) जागी १० ने सुरू होणारा खाजगी पत्ता, सगळ्यांचा एकच. सगळं बडोदं एका पत्त्यावर राहायला गेलं की काय! तेव्हा कळलं की गिऱ्हाइक आणि आमच्या सर्व्हरच्या मध्ये कुणीतरी येऊन बसलंय : तुमचा पुढचा सर्व्हर, म्हणजे प्रॉक्सी.

एन्क्रिप्शन तुमच्या पुढच्या सर्व्हरवरच उलगडतं आणि आत आमच्याकडे साधी विनंती येते. आमचं जँगो (साइट ज्यावर बांधली ते सॉफ्टवेअर) बघतं, जोडणी सुरक्षित नाही, म्हणून ब्राउझरला एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, पाठवतं. तो बिचारा तिथूनच आलेला असतो. पुन्हा तुमचा सर्व्हर, पुन्हा ‘सुरक्षित नाही’, पुन्हा परत. क्रोम वीस फेऱ्यांनंतर नाद सोडतं, मी अजून सोडलेला नाही. मूळ जोडणी कोणती होती हे एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो या हेडरमधून, म्हणजे विनंतीला जोडलेल्या चिठ्ठीतून, आत सांगायचं असतं. यासाठीचं प्रमाणित हेडर आरएफसी ७२३९ या इंटरनेटच्या मानकात २०१४ सालीच आलंय. तुमचा सर्व्हर दोन्हींपैकी एकही लावत नाही. हे होस्टिंग विकणाऱ्यांना मी समजावतोय!

आता आजचा फोन. बावीस मिनिटं बासरी ऐकवल्यावर एक चिरंजीव आले.

“सर, ब्राउज़र में ताला दिख रहा है?”

म्हटलं, साइटच उघडत नाही, सुरक्षित जोडणीचा ताला कुठून दिसणार?

“मेरे यहाँ तो दिख रहा है, सर.”

कुठली साइट उघडलीत, विचारलं. तुमच्याच कंपनीचं मुखपृष्ठ! आमच्या दाराला कुलूप आहे का, हे बघायला हे स्वतःच्या दाराशी जाऊन उभे. तरी शांतपणे सांगितलं की, बाबा रे, ताला गिऱ्हाइकाच्या फोनपासून तुमच्या सर्व्हरपर्यंतचा, त्याच्या आत आमच्या अॅप्लिकेशनला काय कळतं ते विचारतोय. पलीकडे कीबोर्डची टकटक. मग :

“सर, आप वेबसाइट का काम किसी जानकार से क्यों नहीं करवा लेते?”

ती साइट मी लिहिली आहे. एकोणीस वर्षं हेच काम करतोय. पुढचा सल्ला तर त्याहून थोर : एचटीटीपीएसची सक्तीच काढून टाका, ‘सब ठीक हो जाएगा’. लोक पत्ता, फोन नंबर भरतात तिथली सक्ती काढा म्हणे, आणि तुमच्या पानावर मोठ्या अक्षरात ‘संपूर्ण सुरक्षित’! हेच लेखी द्या म्हटल्यावर “और कोई सहायता?” आणि फोन ठेवला.

पाचव्या फोनवरचे ‘सीनियर’ म्हणाले होते, हेडर येतंय, तुम्ही जँगोच्या सेटिंगमध्ये त्यावर विश्वास ठेवा. ठेवला. साध्या विनंतीत हेडर येतच नाही. मग कर्लने (हाताने विनंती पाठवायचं साधन) पोर्ट ८० वर, म्हणजे साध्या एचटीटीपीच्या दारावर, ते मीच हाताने लावून पाठवलं, तर तुमच्या सर्व्हरने जसंच्या तसं आत सोडलं आणि आमचं अॅप्लिकेशन म्हणालं, सुरक्षित! म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकाला चिठ्ठी नाही, आणि भामट्याने घरून लिहून आणलेली चालते. बाहेरून आलेलं हे हेडर प्रॉक्सीने काढून टाकलं पाहिजे, हा इशारा जँगोच्या कागदपत्रांत स्पष्ट दिलेला आहे.

चार दिवस वहिनी दुधाच्या वहीच्या मागच्या पानांवर ऑर्डरी लिहून घेतेय. काल दोन किलो चिवडा दोन वेगळ्या घरी एकाच नावाने गेला. सहा वर्षं तुमचा ग्राहक आहे, आमच्या गणेश मंडळाची साइटही मीच तुमच्याकडे आणली, त्याची आता लाज वाटते. आणि पुन्हा सांगतो, आधी कळवलं नाहीत.

उद्या संध्याकाळी सहापर्यंत हेडर प्रत्येक विनंतीवर तुमच्या सर्व्हरने स्वतः लावावं, बाहेरून आलेलं पुसून. आमच्या सर्व्हरचं पोर्ट फक्त तुमच्या पुढच्या सर्व्हरलाच उघडं राहावं, सध्या ते साऱ्या जगाला उघडं आहे. आणि या महिन्याचं शुल्क परत. नाहीतर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने मी राहतो तिथेच तक्रार करता येते, तुमच्या मुख्य कार्यालयाच्या गावाला यायची गरज नाही.

आपला (या महिन्यापुरता) ग्राहक,
बडोदे

ता. क. आजच्या फोनला किती तारे द्याल, असा मेसेज आत्ताच आला. त्यातली लिंक एचटीटीपीने सुरू होते.