सत्कार थोडा थांबला असता तर?

महोदय,

मदतनिधीसाठी झालेल्या संगीतसंध्येचे वृत्त आपल्या कालच्या अंकात वाचले. देणगीदारांची नावे, धनादेशाचे छायाचित्र आणि प्रमुख पाहुण्यांचे भाषण यांना तीन स्तंभ दिल्यावर, ज्यांच्यासाठी लोक तिकिटे काढून आले त्या चार तरुण वादकांच्या वाट्याला 'व्हायोलिनवादनाने रसिक मंत्रमुग्ध झाले' एवढे एकच वाक्य आले, या काटकसरीबद्दल आपल्या वार्ताहरांचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच. मंचावर दोन व्हायोलिन, त्याहून थोडी मोठी अशी एक व्हिओला आणि खुर्चीत बसून वाजवायचा एक मोठा चेलो होता. छायाचित्राखाली चेलोला 'गिटार' म्हटले आहे. ज्या जिल्ह्यातील मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या दैनिकाला गजाने वाजणारे वाद्य ओळखता येऊ नये, हे नवलच.

वृत्तात जे आलेच नाही, ते मी लिहितो. ऑस्ट्रियन संगीतकार हायडनच्या १७९७ च्या सुमाराच्या क्वार्टेटमधला, म्हणजे या चार वाद्यांसाठीच्या रचनेतला, संथ भाग चालू होता. आज जर्मनीच्या राष्ट्रगीताची चाल म्हणून परिचित असलेली धून त्यात पहिल्या व्हायोलिनवरून दुसऱ्यावर, तिथून चेलोवर, मग व्हिओलावर जाते आणि शेवटी नव्या साथीसह पहिल्या व्हायोलिनकडे परत येते. व्हिओला वाजवणाऱ्या मुलीचे आवर्तन संपले, चौघांचे गज क्षणभर उचललेले राहिले आणि तेवढ्यात निवेदक ध्वनिक्षेपक घेऊन पुढे आले. टाळ्या, शाल, श्रीफळ, मग भाषण! चेलो वाजवणाऱ्या मुलाने एका हाताने वाद्य सावरत दुसऱ्या हाताने नारळ घेतला आणि ठेवायला जागा नाही म्हणून खुर्चीखाली सरकवला. भाषण संपल्यावर त्यांनी थेट पुढचा भाग धरला; धून परत येण्याचे राहूनच गेले.

'हे संगीत आपल्याकडे कुणाला कळते?' असे आयोजकांपैकी एकाने मला मध्यंतरात ऐकवले. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या सभेत लोक रात्र रात्र मांडी घालून बसतात. तिथे संथ लयीतला विलंबित ख्याल संपला आणि जलद लयीतला द्रुत सुरू व्हायचा आहे, एवढ्यात गायकाच्या खांद्यावर शाल टाकण्याचे धाडस कुणी करील काय? निधी जमला, याचा आनंद मलाही आहे. पण सत्कार मध्यंतरात उरकता आला असता.

जाता जाता आणखी एक. या कार्यक्रमाची सूचना आपल्या 'आज शहरात' या सदरात कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी छापून आली आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, विश्रामबाग, सांगली