ताई, भावोजी, अण्णांच्या वतीने हे पत्र

प्रिय ताई आणि भावोजी,

नेवाशाला पोचून आठ दिवस झाले. फोनवर आभार मानायला गेले की ताई, तू विषय बदलतेस, म्हणून सगळ्यांसमक्ष लिहिते आहे.

आई गेल्यापासून अण्णा घरात हो-नाहीपुरतेच बोलत. त्यांना एकटे ठेवायला मन धजेना, म्हणून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला माझ्या कामासाठी जाताना सोबत नेले. हातात मोकळा दिवस एकच, गुरुवार. तो तुम्ही दोघांनी रजा काढून आम्हाला दिलात.

खाऊडाच्या रस्त्यावर (गौडाचा तिथला उच्चार ऐकून अण्णा किती दिवसांनी हसले!) भावोजींनी सांगितले की आपण आत्ता समुद्रसपाटीच्या खाली आहोत आणि देशातली सर्वांत खोल जागा, उणे 6.76 मीटर, याच रस्त्याला लागून आहे. अण्णा सावरून बसले. मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर उभी नोकरी झालेला माणूस. पातळी म्हटली की त्यांचे कान टवकारतात.

गौडाच्या चौकात 1450 च्या नगरभवनासमोर चीजच्या पिवळ्याधमक चकत्या मांडल्या होत्या. पांढऱ्या कोटातला व्यापारी आणि शेतकरी एकमेकांच्या तळहातावर टाळी देत भाव ठरवत होते. अण्णा म्हणाले, "आपल्या घोडेगावच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरतात, इथं उघड्यावर टाळी." ताई, ते तू शब्दन् शब्द भावोजींना डचमध्ये सांगितलेस. दिवसभर तू हेच केलेस. पाटचारी, वितरिका, आवर्तन, पाटकरी, अण्णांचा कालव्याचा एकही शब्द 'जाऊ दे' म्हणून सोडला नाहीस. याचे मोल मला फार आहे.

किंडरडाइकला एक तास थांबायचे ठरले होते. आपण साडेतीन तास होतो. साधारण 1740 च्या सुमाराच्या त्या 19 पवनचक्क्या मला फोटोपुरत्याच ठाऊक होत्या. अण्णांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी जातं कुठं?" मग भावोजी, तुम्ही बांधावर बसून काटकीने मातीत आकृती काढलीत: शेतातले पाणी चक्कीचे चाक वरच्या साठवणीत ढकलायचे, आणि नदी उतरली की दारे उघडून ते लेक नदीत सोडायचे. अण्णांनी काटकी घेतली आणि शेजारी मुळा धरण, कालवा, चाऱ्या काढल्या. "आमची हयात पाणी शेतापर्यंत न्यायला गेली, तुमची शेतातून बाहेर काढायला," असे म्हणून त्यांनी तुमच्या पाठीवर हात ठेवला. त्यानंतर ते तुम्हाला 'जावईबापू'च म्हणू लागले.

चक्कीतले जिने शिडीसारखे उभे. अण्णांचा गुडघा पाहून मी नकोच म्हणत होते. तुम्ही त्यांच्या मागे एकेक पायरी चढलात, दोन्ही हात तयार ठेवून. वर खाटा, चूल, लहान मुलांच्या झोपायच्या जागा पाहून अण्णांना आमचे कालव्यावरचे क्वार्टर आठवले. आईची चूल, खिडकीतून ऐकू येणारे पाणी. ताई, आई गेल्यावर तिच्याबद्दल ते आपणहून पहिल्यांदा बोलले, तेही त्या चक्कीत. मी मागे उभी राहून फक्त ऐकत होते.

डेल्फ्टचा बेत तू किती हौसेने आखला होतास! चित्रकार व्हर्मीरचे गाव, त्याची कबर असलेले जुने चर्च, भावोजींच्या आवडीची कालव्याकाठची वाट. आपण पोचलो तेव्हा चर्चची दारे बंद झाली होती. तुम्ही दोघांनी एकदाही घड्याळ पाहिले नाही की हळहळ दाखवली नाही. चौकातल्या बाकावर बसून तुझी थालिपिठे आणि लसणाची चटणी खाल्ली, आणि भावोजींनी पाणी काढण्यासाठी भराव्या लागणाऱ्या कराची गोष्ट सांगितली. हे पाण्याचे काम बघणाऱ्या जलमंडळाची दर चार वर्षांनी वेगळी निवडणूक होते, हे ऐकून अण्णांनी ते दोनदा विचारून घेतले. इथे पाणीपट्टी पाणी मिळण्यासाठी भरतात, तिथे ते बाहेर काढण्यासाठी. गावात आल्यापासून पारावर रोज हाच विषय चालू आहे, आणि काटकी अण्णांच्याच हातात असते.

कालव्याला पाण्याचे उन्हाळी आवर्तन सुटेल तेव्हा दोघांनी यायचे आहे. अण्णांनी निरोप दिलाय: जावईबापूंना पहाटे पाचला कालव्यावर न्यायचे, पाणी चारीत शिरताना दाखवायचे. मोठी खोली झाडून ठेवली आहे.

तुमची,
अण्णांची धाकटी