प्याल्यात नेमकं किती आलं?

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

आराखडा वाचला. जादा वजनाच्या माणसांना १२ आठवडे आल्याचं पेय द्यायचं आणि शरीरातली सूज (इन्फ्लमेशन), रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत काय फरक पडतो ते बघायचं, इथवर ठीक. पण रक्ततपासण्यांना दोन पानं आणि पेयाला एकच ओळ: ‘आल्याचा काढा, १ कप’. चाचणी फसलीच तर या ओळीपाशी फसेल.

पूर्वीच्या बऱ्याच चाचण्या सुंठीच्या कॅप्सूलवर झाल्यात, दिवसाला साधारण १ ते ३ ग्रॅम. तो आकडा काढ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. आल्याचा तिखटपणा ज्याने येतो ते जिंजेरॉल पाण्यात नीट विरघळत नाही. २ ग्रॅम सुंठ उकळून गाळलीस, तर त्यातला चांगला वाटा चोथ्याबरोबर गाळणीतच राहतो, आणि कागदावर मात्र डोस २ ग्रॅमच लिहिला जातो. शिवाय आलं वाळवताना, तापवताना काही जिंजेरॉलचं शोगाओल होतं, ते आणखी जहाल. म्हणजे ओल्या आल्याचा रस आणि सुंठीचा काढा ही दोन निराळी औषधं आहेत. ओल्या आल्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे वजनही एकास एक धरता येत नाही.

म्हणून सुंठच घे आणि पेय गाळू नकोस. साताऱ्याकडे माहीम जातीचं आलं मिळतं. एकाच शेतातला, एकाच वेळी काढलेला माल उचल. बाजारातली पांढरीफेक सुंठ नको, तिला बहुधा चुना लावलेला असतो. सगळी सुंठ एकदम दळून वस्त्रगाळ कर, २ ग्रॅमच्या हवाबंद पुड्या भर. सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी काही पुड्यांतलं जिंजेरॉल आणि शोगाओल प्रयोगशाळेत मोजून घे. साठवणीत ते बदलतं.

कृती सगळ्यांना एकच: कपात पुडी, वर १५० मिली उकळतं पाणी, ५ मिनिटं झाकण, ढवळून प्यायचं. तळाशी गाळ बसतो, म्हणून दोन घोट पाणी घालून कप खळबळून तेही प्यायचं. गॅसवर उकळायला सांगू नकोस. एक जण २ मिनिटं उकळेल, दुसरा सीरियल संपेपर्यंत.

साखर, गूळ, मध काही नाही. दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, ४० कॅलरी. १२ आठवडे रोज घेतली तर ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, आकड्यात गोंधळ होईल. दुधाच्या चहातही नको.

सगळ्यात अवघड भाग खोट्या पेयाचा, म्हणजे तुलनेच्या गटाला आलं म्हणून जे द्यायचं त्याचा. आल्याची चव आपल्याकडे कुणाला फसवणार? तिखटपणासाठी मिरी घातलीस, तर तिच्यातल्या पायपेरीनमुळे इतर औषधांचं शोषण बदलतं. लाल मिरचीलाही स्वतःचे परिणाम आहेत. मी तुलनेच्या गटाला ०.२ ग्रॅम सुंठ आणि उरलेलं माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनची जवळपास बेचव पूड) देईन. मग प्रश्न ‘आलं की काहीच नाही’ असा न राहता ‘जास्त आलं की नावापुरतं आलं’ असा होतो, आणि तो लेखात तसाच मांडावा लागेल. पहिल्या आठवड्यानंतर दोन्ही गटांना विचार, तुम्हाला कुठलं मिळतंय असं वाटतं? ज्याला ‘खरं औषध’ मिळतंय असं वाटतं, तो वडापावही कमी करतो. वजन उतरलं की सूज आपोआप उतरते, आणि श्रेय मात्र आल्याला.

आता एचएस-सीआरपी, म्हणजे रक्तातून सूज मोजायची तपासणी. १ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर बहुधा कुठेतरी संसर्ग असतो. दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपास. सर्दी, लस, सुजलेल्या हिरड्या, सगळ्यांनी हा आकडा उडतो. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी, दोन आठवड्यांच्या अंतराने दोन-दोन नमुने घे. तू ३ च्या वरचेच लोक निवडणार आहेस. त्यातले बरेच पुढच्या वेळी काहीही न देता खाली येतील, कारण निवडताना त्यांचा आकडा योगायोगाने चढलेला होता. तुलनेचा गट नसेल तर ही घसरण तुला आल्याचा गुण वाटेल. नुकतंच स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) सुरू झालेले वगळ, त्यानेही सीआरपी उतरतं.

आकडे एका बाजूला कललेले असतात, तेव्हा लॉग (लॉगॅरिदम) घेऊनच हिशेब कर. २५ टक्के घट पकडायची आणि लॉगमधल्या बदलाचं प्रमाण विचलन (माणसागणिक पडणारा फरक) ०.८ धरलं, तर गटागणिक सुमारे १२५ माणसं लागतात. गळती धरून १५०. तुझ्या ३० जणांत काहीच सिद्ध होणार नाही, ना होकार ना नकार.

रक्तदाबाला मोठा पट्टा ठेव. जाड दंडावर लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो.

वॉरफेरिन किंवा तत्सम रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, पित्ताशयात खडे असलेले आणि गर्भवती नकोत. छातीत जळजळ झाली तर नोंद आणि पुडी बंद. सीटीआरआयवर (देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी पहिला माणूस घेण्याआधी, नंतर नाही.

आणि सीआरपी उतरलं तरी शीर्षकात ‘हृदय वाचतं’ लिहू नकोस. सीआरपी ही सुजेची खूण आहे, हृदयरोगाचं कारण नव्हे. २०१७ च्या कॅन्टोस चाचणीत कॅनाकिनुमॅब या सूज उतरवणाऱ्या औषधाने कोलेस्टेरॉल न बदलता सूज उतरवून हृदयविकाराचे झटके कमी केले, पण तिथे दहा हजारांवर रुग्ण होते आणि झटके प्रत्यक्ष मोजले होते. तू १२ आठवड्यांत फक्त खूण मोजणार आहेस.

नैतिकता समितीकडे जाण्याआधी मराठी संमतिपत्र पाठव, पुडीवरच्या सूचना मी त्याच्याशी ताडून बघतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत