सोनेरी नाव

ओर्लेआं

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाळाचे नाव तुम्हाला न विचारता ठेवल्याचे फोनवर सांगितले, तेव्हा आई, तू नुसते 'बरं' म्हणालीस. ते 'बरं' कानांतून जात नाही, म्हणून हे पत्र. इथे फ्रान्समध्ये पाच दिवसांच्या आत नगरपालिकेत नावासकट नोंद करावीच लागते, बाराव्या दिवसाची वाट कोणी पाहत नाही.

ओरेली हे नाव परके वाटेल. पण बाबा, तुम्ही जन्मभर मुलांकडून घोकून घेतलेली सोन्याची 'एयू' ही संज्ञा ज्या लॅटिन शब्दावरून आली, त्याच्याच गोतातले ते आहे. अर्थ 'सोनेरी'. ऑरेलियस हे रोममधले जुने कुळनाम, त्यावरून सम्राट ऑरेलियनचे (इ. स. २७०–२७५) नाव आणि त्याच्यावरून आमच्या गावाचे, जे झिजत झिजत ओर्लेआं झाले. खरे तर इथे हे आता माझ्या वयाच्या बायकांचे नाव समजतात, माझ्या नणंदेने नाक मुरडलेच. पण मला आठवत होती आजी: माहेरची सोना, जिचे नाव लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने 'लक्ष्मी' लिहून बदलले, आणि जी दुपारी मला मांडीवर घेऊन, पाटल्या मागे सारत, "माझं खरं नाव सांगू?" असे कानात विचारायची. त्या पाटल्यांचे पुढे काय झाले, ते आपण तिघे जाणतोच.

बाबा, पत्रिकेतले 'श' मी टाकून दिलेले नाही. 'शर्वरी' हे दुसरे नाव तिथेच नोंदवले आहे. १९९३ च्या कायद्यापूर्वी अधिकारी ते नाकारूही शकला असता, आताच्याने फक्त एकेक अक्षर सांगायला लावले.

माझी काळजी करू नका. सुईण घरी येऊन बाळाचे वजन करून जाते, तूप मी घरीच कढवते आणि डिंकाचे लाडू अजून अकरा उरले आहेत. आई, रक्तदाबाची गोळी उपासालाही घ्यायचीच, आणि बारशाचा पाळणा म्हणायला आत्याला आधी बोलाव, मागून रुसवे काढत बसू नकोस. बाबांनी स्टुलावर चढून माळ्यावरची झोळी काढायची नाही, शेजारच्या मुलाला सांगा. तोवर उच्चार घोटून ठेवा: ओ-रे-ली. मधला 'र' जिभेने नाही, घशातून काढायचा. बाबा सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतात, अगदी तोच.

तुमची,
बेबी