दिवाळीत नको, पाणी उतरल्यावर ये

सोलापूर
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस सोलापूरला यायचं, उजनीवर फ्लेमिंगो बघायचे, असा तुझा बेत कळला. ये, अगदी जरूर ये. पण दिवाळीत नको. जानेवारीच्या शेवटी ये. आमच्याकडे पक्षी तारखेवर येत नाहीत, पाण्यावर आणि ज्वारीवर येतात, आणि यंदा दोन्ही उशिरानं चाललं आहे.

आधी उजनीचं सांगतो. धरणाची एकूण साठवण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातलं ६३ टीएमसीच्या वर पाणी मृतसाठ्यात असतं. उरलेलं साडेत्रेपन्न टीएमसी म्हणजे उपयुक्त साठा. पेपरात रोज जो टक्का छापून येतो तो या उपयुक्त साठ्याचा. म्हणून तो पावसाळ्यात १११ पर्यंत चढलेला दिसतो आणि उन्हाळ्यात उणे होतो. पक्षी बघणाऱ्यानं हाच टक्का बघायचा. सप्टेंबरात पावसानं सीनाकाठ धुऊन काढला, उजनी काठोकाठ भरली. भरलेल्या उजनीत फ्लेमिंगोला पाय टेकायला जागा नसते. त्याला गुडघाभर पाणी आणि खाली मऊ गाळ लागतो. चोच उलटी करून तो गाळपाणी गाळतो, त्यातल्या अळ्या, बारीक कवचधारी जीव आणि शेवाळ खातो. पाणी खोल असेल तर हे सगळं त्याच्या आवाक्याबाहेर राहतं.

मग पाणी उतरतं कसं? कालव्याला रब्बीचं आवर्तन सुटतं, सोलापूरच्या पिण्यासाठी भीमेतून औज बंधाऱ्याकडे पाणी सोडतात, आणि दर खेपेला फुगवट्याच्या कडेनं गाळाची नवी पट्टी उघडी पडते. पक्षी त्या ताज्या पट्टीवर असतात, आठवड्यापूर्वीच्या पट्टीवर नाही. जुनी पट्टी सुकून कडक होते, अळ्या संपतात, आणि शेतकरी तिथं गाळपेर करतात. म्हणून 'मागच्या वर्षी अमुक ठिकाणी दिसले होते' या माहितीला उजनीवर फारसा अर्थ नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या मच्छीमाराला फोन करायचा आणि एवढंच विचारायचं, की गाळ आज कुठं उघडा पडलाय.

दिवाळीत न येण्याचं दुसरं कारण बदकांचं. चक्रांग, थापट्या, तलवार बदक, भुवई बदक यांचे नर उन्हाळ्यात पिसं टाकतात आणि ऑक्टोबरात बऱ्याच अंशी माद्यांसारखे तपकिरी असतात. नवख्या माणसाला सगळी बदकं सारखी वाटतात आणि तो कंटाळतो. जानेवारीपर्यंत थापट्याचं हिरवं डोकं, तलवारीची लांब शेपटी हे सगळं उघड दिसतं. भुवई बदक सगळ्यात आधी, ऑगस्ट-सप्टेंबरातच येऊ लागतं, पण त्याच्या नराची पांढरी भुवई खुलायला हिवाळा बराच पुढं सरकावा लागतो.

तिसरं कारण ज्वारी. रानाला वाफसा (पेरणीजोगा ओलावा) नाही म्हणून यंदा पेरण्या लांबल्या आहेत. दाणा भरायला लागला की भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरतात. भोरडी तशी लवकर येते, पाऊस संपायच्या आत. पण हजारोंचे थवे बघायचे तर कणसं भरलेली हवीत. ही गुलाबी पाठीची, काळ्या डोक्याची मैना कझाकस्तानच्या बाजूच्या गवताळ प्रदेशात टोळ आणि नाकतोडे खाऊन पिल्लं वाढवते आणि इथं येऊन आमच्या मालदांडी ज्वारीवर ताव मारते. शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवताना दिसेल. त्याला पक्षिप्रेमाचे दोन शब्द सांगायला जाऊ नकोस. नुकसान त्याचं होतं. लांबून बघ, विचारून बांधावर उभा राहा.

आता तारखा. मकर संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. तेव्हा लॉज मिळत नाही आणि होम मैदानाच्या अंगानं गाडी हलत नाही. २४ ते २६ जानेवारी शनिवार, रविवार आणि प्रजासत्ताक दिनाचा सोमवार. या तीन दिवसांत पुण्याची सगळी गर्दी उजनीकाठच्या भिगवणला असते. म्हणून २६ ला रत्नागिरीहून निघ आणि २७ ते ३० राहा.

रत्नागिरी-नागपूर महामार्गानं कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढा असा ये. मंगळवेढ्याच्या आधीपासून गाडीचा वेग कमी कर. तिथं मैलोगणती काळं रान आणि ज्वारी आहे. ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेला तो तालुका. तारांवर खरुची आणि निळकंठ, ज्वारीच्या शेंड्यांवरून संथ वळणं घेत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी, हरभऱ्याच्या रानात नशीब असेल तर कांड्या करकोचे. करकोच्यांजवळ गाडीतून उतरू नकोस. गाडी त्यांना चालते, दोन पायांवर उभा माणूस चालत नाही. इंजिन बंद कर, काच खाली घे, दुर्बीण काचेच्या कडेवर टेकव. इंजिन चालू असेल तर त्याच्या थरथरीनं चित्र हलतं.

दुर्बीण ८x४२ ची आण. मोठं दिसतं म्हणून १२ किंवा १६ पटीची घेण्याचा मोह होईल. हात जेवढा हलतो तेवढंच चित्रही त्या पटीनं हलतं, आणि पहाटे प्रकाश कमी पडतो. ४२ ला ८ नं भागलं की सव्वापाच मिलिमीटर येतात. डोळ्यात जाणारा प्रकाशझोत तेवढा रुंद. १६x४२ मध्ये तो अडीचवर येतो, आणि उजाडताना बदकाऐवजी काळा ठिपका दिसतो. वापरण्याआधी दोन्ही डोळे जुळवून घे: उजवं भिंग हातानं झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला एखादी पाटी स्पष्ट कर, मग डावं झाकून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट कर. हे न केल्यामुळेच लोकांचं तासाभरात डोकं दुखतं आणि दोष दुर्बिणीला जातो. चष्मा ठेवणार असशील तर डोळ्याकडची रबरी वाटी आत फिरव. उजनीसाठी २० ते ६० पटीचा स्कोप आणि तिकाटणं मी आणतो. स्कोप साठ पटींवर नेऊ नकोस, ऊन चढल्यावर तर मुळीच नाही. तेव्हा मृगजळच मोठं दिसतं.

पहिल्या सकाळी हिप्परगा, म्हणजे एकरूख तलाव. तुळजापूर रस्त्यावर, शहरापासून अगदी जवळ, आदिला नदीवरचा, १८७१ सालचा. सूर्योदय सातच्या सुमारास होतो, आपण पावणेसातला तिथं उभे असलो पाहिजे. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघायचं, सूर्य पाठीशी. उलट उभं राहिलं तर सगळे पक्षी सावल्या होतात. भिंतीजवळचं खोल पाणी सोडून मागच्या अंगाच्या उथळ भागाकडे जायचं. तिथं थापटे गोल गोल फिरत पाणी ढवळताना दिसतील, चिखलात शेकाटे आणि तुतवार, गवतात पिवळे धोबी. एकदम सगळी बदकं उठली तर बदकांकडे बघू नकोस, वर बघ; दलदली भोवत्या आलेला असतो. अंग गडद तपकिरी, मादीच्या डोक्यावर सायीच्या रंगाचं टोपडं.

शहरातल्या कंबर तलावावर जलपर्णी माजली असेल तर जाण्यात अर्थ नाही. झाकलेल्या पाण्यावर बदक उतरत नाही.

दुपार झोपेत घालव. दहानंतर तापलेल्या रानातून हवा थरथरत वर येते आणि चांगल्या भिंगातूनही पिसांचा रंग कळत नाही. चारला आपण बार्शी रस्त्यानं नान्नजला जाऊ. १९७९ साली जाहीर झालेलं हे माळढोक अभयारण्य. पण माळढोक दिसेल अशी आशा धरून येऊ नकोस. तो इथून जवळजवळ संपला, आणि या माळाकडे बघताना ते विसरता येत नाही. माळ मात्र अजून जिवंत आहे. काळवीट दिसतील, दिवस चांगला असेल तर लांडगा. वनखात्याची परवानगी मी आधी काढून ठेवीन; तुझ्या आधारकार्डाची प्रत पाठव.

तिथं खरं बघायचं ते भोवत्यांचं मुक्कामाला येणं. हे शिकारी पक्षी झाडावर झोपत नाहीत, गवतात जमिनीवर झोपतात. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास; साडेपाचपासून एकेक करून चारी दिशांनी येतात, गवतावरून घिरट्या घालतात आणि अंधार पडताना एकदम खाली बसतात. नर ओळखायचे सोपे. माँटेग्यूच्या भोवत्याच्या राखी पंखावर वरून काळी रेघ असते, पोटाकडे तांबूस फराटे. पांढुरका भोवत्या खालून जवळपास पांढरा, पंखाच्या टोकाला काळी पाचर. माद्या आणि पिल्लं मात्र तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, एकमेकींसारख्या. त्यांना उडताना नाव देण्याची घाई करायची नाही. वहीत 'भोवत्या, मादी' एवढंच लिहायचं. चुकीच्या नावापेक्षा ते शंभरपट बरं.

त्या गवताच्या कडेपासून तीनशे मीटर दूर थांबायचं. आत चालत गेलं किंवा बॅटरी मारली की अंधारात ते उठतात, आणि जमिनीवर झोपणाऱ्या पक्ष्याला रात्री दुसरी जागा शोधणं जिवावरचं असतं. दिवसा नाकतोडे खाऊन हे पक्षी शेतकऱ्याचं भलं करतात. माळ नांगरला गेला की मुक्कामाची जागा जाते, फवारणी वाढली की अन्न जातं. पडीक म्हणून हिणवलेली ही जमीन आहे, सुधीर, आणि मध्य आशियातून आलेल्या पाहुण्याला तीच हवी असते.

उजनीसाठी आदल्या रात्रीच भिगवणला मुक्काम करू. सोलापूरहून ते सुमारे १४५ किलोमीटर. पहाटे निघून पोचेपर्यंत उत्तम उजेड हातचा जातो. कुंभारगाव आणि डिकसळला मच्छीमारांच्या होड्या मिळतात. गर्दी टाळायची तर आपल्या जिल्ह्यातली करमाळ्याची, केत्तूरकडची बाजू मला जास्त आवडते. सोयी कमी, शांतता जास्त. होडी ठरवताना भावाच्या आधी लाइफ जॅकेट विचारायचं, आणि ते अंगावर घालायचं, पाटाखाली ठेवायचं नाही. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. उजनी नदी वाटते, पण वारा सुटला की समुद्रासारखी उसळते. जानेवारीत हवा बहुधा शांत असते, तरी अकराच्या आत काठाला लागू.

फ्लेमिंगोंच्या थव्यापासून दीडदोनशे मीटरवर इंजिन बंद, पुढं फक्त वल्हं किंवा वाऱ्यानं जाऊ तेवढंच. माना ताठ करून सगळे एका दिशेला चालू लागले की ते अस्वस्थ झालेत, तिथंच थांबायचं. उडताना फोटो हवा म्हणून थव्यात होडी घालायला सांगणारे असतात आणि पैशासाठी घालणारेही. फ्लेमिंगोला उठायला पाण्यावर धावावं लागतं, त्यात ताकद जाते, आणि दिवसातून दहा होड्यांनी दहादा उठवलं तर तो खाणार कधी? नावाड्याला निघतानाच सांगून ठेवू, की पक्षी न उठवता फिरवलंस तर पैसे ठरल्यापेक्षा जास्त. थव्यात मळकट राखी-पांढरे दिसतील ते वेगळे पक्षी नव्हेत, फ्लेमिंगोचीच लहान पोरं.

उघड्या चिखलावर किंवा काठच्या हिरवळीवर पट्टकदंब हंस असतील. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, ओळखायला शंका नको. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरच्या वर उडाल्याची नोंद आहे. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायूही घट्ट धरतं, आणि ते बहुतेक रात्री किंवा पहाटे डोंगर ओलांडतात, कारण थंड हवा दाट असते. दिवसा ते मोकळ्यावर विसावतात आणि सांज-सकाळ हरभऱ्यात चरतात, म्हणून दुपारी गेलेला माणूस झोपलेले हंस बघून येतो. एखाद्याच्या गळ्यात पट्टा दिसला तर रंग आणि त्यावरची अक्षरं लिहून घे, फोटो काढ. पायातल्या कड्याचंही तसंच. ते बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवू. पक्षी कुठून आला ते त्यावरून कळतं.

काठावर उतरलास तर गाळपेरीच्या पलीकडे पाऊल टाकू नकोस. काळ्या मातीवर वाळलेली साय धरते, भेगाही दिसतात, आणि खाली मांडीपर्यंत गाळ असतो. गाडी तर डांबर किंवा मुरुम सोडून खाली उतरवायचीच नाही.

कपडे मातकट किंवा हिरवट आण. पहाटे पाण्यावर हाडं गारठतात, बाराला शर्ट नकोसा होतो. कोकणातून येणाऱ्याला ही थंडी कोरडी आणि बोचरी लागेल. कानटोपी आण, ओठांना लावायला काहीतरी आण. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि पाणी माझ्याकडे. पक्ष्यांचे आवाज वाजवायचं ॲप बंद ठेवायचं. ड्रोन तर नकोच.

जानेवारीत सुट्टी मिळतच नसेल तर ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात ये. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा हा आठवडा राज्यात २०२० पासून पाळतात. चितमपल्ली आमच्या सोलापूरचेच. इथंच जन्मले आणि या जूनमध्ये इथंच गेले. त्या आठवड्यात भोवत्ये, धोबी, भोरड्या भेटतील. उजनी मात्र तेव्हाही भरलेली असेल, तिकडचा बेत धरू नकोस.

रजेचं नक्की झालं की लगेच कळव, भिगवणची खोली धरावी लागेल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश