लेबल त्यांचे, माल आमच्या माथी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

किरकोळ विक्रीच्या साखळ्यांचे वार्षिक अहवाल कसे वाचावेत, यावरचा कालच्या अर्थपानावरील लेख वाचला. लेखकाचा अभ्यास दांडगा आहे आणि भाषा सोपी, त्याबद्दल अभिनंदन. पण ‘संभाव्य देणी व बांधिलकी’ या टिपेपाशी येऊन त्यांनी गुंतवणूकदाराच्या पाठीवरून जो हात फिरवला आहे, तो वाचून रात्री जेवण गेले नाही. मोठ्या कंपनीला कोर्टकज्जे चालायचेच, त्यांतून उद्या कदाचित द्यावी लागेल ती रक्कम ताळेबंदात धरलेली नसते, तेव्हा घाबरू नका आणि पुढचे पान उलटा, असा एकंदर सूर. बरोबर आहे, गुंतवणूकदाराने कशाला घाबरावे? त्याचे टॉवेल थोडेच परत आले आहेत!

मी सोलापूरला टेरी टॉवेल विणतो. एका बड्या साखळीने (नाव घेत नाही, वकिलांनी तंबी दिली आहे) दिवाळीसाठी ऑर्डर दिली. आमचा नेहमीचा माल नव्हे, त्यांच्या स्वतःच्या ब्रँडचा. काठाचा रंग त्यांनी पाठवलेल्या नमुन्याबरहुकूम, जीएसएम (कापडाचे दर चौरस मीटरचे वजन) त्यांचे, शिवणीत घातलेले लेबल त्यांचे, बारकोड आणि छापील किंमतही त्यांचीच. त्यांचा तपासनीस कारखान्यात येऊन गाठी उघडून पाहून गेला आणि सही करून गेला. भिवंडीच्या गोदामात माल उतरला, पोच मिळाली, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) निघाला. पुढच्या महिन्यात मी जीएसटी भरला. त्यांनी त्याचे क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून तेवढी वजावट, घेतले. इथपर्यंत सगळे यथासांग.

दिवाळी झाली आणि ईमेल आला की माल जास्त झाला आहे, उरलेला परत पाठवत आहोत. पाठोपाठ डेबिट नोट, म्हणजे माझ्या बिलातून तेवढी रक्कम कापल्याची चिठ्ठी, तीत परतीचे वाहतूक भाडेही माझ्याच नावावर. मी नोटीस दिली. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आले की टॉवेल पाणी नीट शोषत नाही आणि रंगही सोडतो! निम्मा माल गिऱ्हाइकांनी पैसे मोजून घरी नेला, तोवर तो उत्तम शोषत होता.

परत आलेल्या गाठींचे काय करायचे, हे अहवालाच्या कुठल्याच टिपेत नसते. दुसऱ्याच्या ब्रँडचे लेबल लावलेला माल बाजारात विकता येत नाही. मग कारखान्यातल्या बायका ब्लेड घेऊन बसल्या. लेबल दुमडीच्या आत घालून शिवलेले, त्यामुळे ते ओढले की टाका उसवतो, टाका उसवला की काठाचे सूत निघते. स्टिकरचा डिंक निघत नाही, तिथे केसाळ डाग पडतो. असा टॉवेल ‘सेकंड’ म्हणून किलोवर गेला. सूत मात्र आम्ही किलोवर घेतले तेव्हा पहिल्या प्रतीच्या भावाने घेतले होते आणि सूतवाल्याने डेबिट नोट हा शब्द ऐकूनच घेतला नाही.

आता लेखकाने सांगितलेली टीप. ‘कंपनीविरुद्धचे दावे, जे कर्ज म्हणून मान्य केलेले नाहीत’ अशी तिथे ओळ असते. लेखक म्हणतात, ती सावधगिरीची नोंद आहे. माझ्या बाजूने पाहा. बिल थकले तर ते देणे असते आणि ताळेबंदात दिसते. पण मालाच्या दर्जाविषयी एक पत्र टाकले की तेच देणे ‘वादग्रस्त’ होते, मग ‘संभाव्य’ होते, आणि पैसे द्यावे लागण्याची शक्यता अगदीच दूरची आहे असे कंपनीला वाटले तर लेखामानकाप्रमाणे ते टिपेतही येत नाही. एवढ्या स्वस्तात कर्ज कमी करण्याचे दुसरे साधन मला तरी माहीत नाही. शिवाय डेबिट नोट वळती करून घेतली की त्यांच्या खातेवहीत माझी बाकी शून्य. मार्चअखेर ‘बाकी कबूल आहे’ असे सही करून द्या म्हणून छापील पत्र मात्र न चुकता येते.

बांधिलकीचेही तेच. तिथे दाखवायची असते ती मुख्यतः भांडवली कंत्राटांची रक्कम, म्हणजे नव्या दुकानाचे फ्रीज, रॅक, सरकते जिने. ज्याला रॅकची ऑर्डर दिली तो आकड्यात आला. मला टॉवेलची ऑर्डर दिली, मी सूत उचलले, रंगारी लावला, त्यांचे लेबल छापून घेतले; पण ती रोजची खरेदी, ती त्या आकड्यात सहसा येत नाही. मग बांधला गेलो तो मी एकटाच!

कायदा तुमच्याच बाजूने आहे, असे आता लेखक सांगतील. आहेच. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यात पैसे देण्याला ४५ दिवसांची कमाल मुदत आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, तेही दरमहा चक्रवाढ व्याज आहे आणि निवाडा विरुद्ध गेला तर त्याला आव्हान देण्याआधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायदा झकास आहे. फक्त तो ज्याच्यावर चालवायचा, त्याच्याच दारात पुढच्या दिवाळीची ऑर्डर मागायला उभे राहायचे असते. आयकरात ४३बी(एच) हे कलम आले, तेव्हा आम्हाला वाटले की आता तरी वेळेवर पैसे येतील, कारण मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट नाही. झाले काय? खरेदी खात्यातल्या एका तरुणाने फोन करून अदबीने विचारले, “काका, तुमची उद्यम नोंदणी रद्द करून घेता का? म्हणजे दोघांनाही सोपे जाईल.” (ही लघु उद्योगाची सरकारी नोंदणी; ती नसली की हे कलम लागत नाही.) काका म्हणाला म्हणून फोन आपटला नाही.

त्याच उद्यम नोंदणीचा क्रमांक माझ्या प्रत्येक बिलावर ठळक छापलेला आहे. तरी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या थकबाकीच्या टिपेत अहवाल म्हणतो की हे आकडे ‘कंपनीकडे उपलब्ध माहितीनुसार’ आहेत. बिल उपलब्ध, जीएसटीचे क्रेडिट उपलब्ध, माहिती तेवढी अनुपलब्ध.

आता बिग बझार, म्हणजे फ्युचर रिटेलची साखळी. तिचे काय झाले हे तुमच्या वाचकांना मी सांगायला नको. ऑगस्ट २०२० मध्ये फ्युचरचा व्यवसाय घेण्याचा रिलायन्सचा २४,७१३ कोटींचा सौदा जाहीर झाला, तेव्हापासून त्याला हरकत घेणारी अॅमेझॉन, सिंगापूरचा लवाद, दिल्ली उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, स्पर्धा आयोग, सगळ्यांवर तुम्ही रकानेच्या रकाने छापले. फेब्रुवारी २०२२ मध्ये भाडेकरार रिलायन्सच्या हाती म्हणून दुकानांवरच्या पाट्या बदलू लागल्या, त्याचे फोटोही आले. एप्रिलमध्ये सौदा बारगळला, जुलैत बँक ऑफ इंडियाच्या अर्जावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि जुलै २०२४ मध्ये थेट अवसायन, म्हणजे कंपनी मोडीत. या सगळ्यात फ्युचर रिटेलला कडधान्य, झाडू, चादरी, प्लास्टिकचे डबे पुरवणाऱ्यांवर तुमच्या अंकात किती ओळी आल्या? दिवाळखोरी संहितेत आमची जात ‘परिचालन धनको’, म्हणजे माल पुरवून पैसे येणे असलेले. कर्जदात्यांच्या समितीत मत नाही, वाटणीच्या पंगतीत बँकांनंतर. त्याआधी स्वतः अर्ज करावा म्हटले तर मार्च २०२० पासून थकबाकी किमान एक कोटीची हवी, आधी ती एक लाखाची पुरत असे. आणि समोरच्याने आधीच ‘माल निकृष्ट’ असे पत्र टाकून ठेवले असेल, तर खरा वाद आहे म्हणून अर्ज दारातच अडतो. म्हणजे ते एक पत्र ताळेबंदातही कामाला येते आणि न्यायाधिकरणातही.

सरकारशी वाद असला की काय होते तेही पाहा. दुकानाच्या भाड्यावरच्या सेवाकराचा वाद २००७ पासूनचा. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साखळ्यांना थकबाकीची निम्मी रक्कम आधी भरायला लावली आणि उरलेल्या रकमेसाठी हमी मागितली. ती टीप पुढे वर्षानुवर्षे अहवालांत रकमेसकट, इतिहासासकट छापली जाते. सरकारच्या दाव्याला परिच्छेद, आमच्या दाव्याला ‘इतर’.

सगळेच असे करतात असे नाही. डीमार्ट पुरवठादाराचे पैसे लवकर देते आणि त्या बदल्यात भाव पाडून घेते, हे बाजारात सर्वांना माहीत आहे. त्यांच्याशी भावावरून भांडण होते, पण ते भांडण माल द्यायच्या आधीचे असते.

लेखकांना एकच विनंती. २०२१ पासून अहवालात व्यापारी देण्यांचा एक तक्ता द्यावा लागतो. एमएसएमईचे वादग्रस्त देणे एक वर्षाच्या आतले किती, दोन वर्षांपर्यंतचे किती, तीन वर्षांवरचे किती, असे त्यात रकाने असतात. पुढच्या लेखात पाच-सहा साखळ्यांचे ते रकाने शेजारी शेजारी छापा. टिपणी नको, नुसते आकडे पुरेत.

जाता जाता. कालच्याच अंकाला एका साखळीच्या महासेलची चार पानी जाहिरात बाहेरून गुंडाळलेली होती. अंकाचे नाव त्या जाहिरातीवर, तारीखही त्यावरच, आणि खरे पहिले पान आत दडलेले. वडिलांनी बातमी शोधता शोधता अंक उलटा धरला. वर्गणी आम्ही जाहिरातीची भरतो की बातम्यांची, हे एकदा व्यवस्थापनाला विचारून कळवावे. आणि त्या जाहिरातीचे बिल ४५ दिवसांत मिळते का, तेही. मिळत असेल तर वसुली कशी करता ते शिकायला यायची तयारी आहे.

कळावे,
एक टॉवेल उत्पादक, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, छापू नये.)