गाडीखाली जाण्याआधी

कोथरूड, पुणे
रविवार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तू सांगितलंस म्हणून परवा वारज्याला जाऊन तुझी गाडी पाहून आलो. गाडी घेतलीस ते फार चांगलं केलंस. पत्रा शाबूत आहे, गंज फक्त मागच्या उजव्या चाकाच्या कमानीत आहे आणि इंजिन दुसऱ्या सेल्फला सुरू झालं. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं असलं तरी नाना पेठेत तिचं सामान अजून मिळतं, त्यामुळे स्पेअरची चिंता नको.

तू फोनवर म्हणालास, बदली होऊन पुण्याला आलो की दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची आणि ओंकारला हाताशी घेऊन गाडी स्वतः खोलायची. हा विचार मला मनापासून आवडला. पोराच्या हाताला काळं लागल्याशिवाय यंत्र कळत नाही. पण तुमच्या पार्किंगमध्ये मी बराच वेळ उभा राहिलो. तुम्ही दोघं कुठे बसाल, जॅक कुठे लावाल, पेट्रोल सांडलं तर कुठे वाहत जाईल, हे सगळं डोळ्यांपुढे आणून पाहिलं. तेव्हाच ठरवलं की हे फोनवर सांगायचं नाही, लिहून पाठवायचं. म्हणजे ओंकारलाही वाचता येईल.

गॅरेजमध्ये नवीन मुलगा आला की मी त्याच्या हातात लगेच पाना देत नाही. गाडीभोवती एक फेरी मारायला लावतो आणि विचारतो, किल्ली काढलेली आहे, इंजिन बंद आहे, तर आता या गाडीत जोर कुठे कुठे साठून राहिलाय? बहुतेक मुलं म्हणतात, कुठेच नाही. मग एकेक जागा दाखवतो. बॅटरीत आहे, रेडिएटरमध्ये आहे, पेट्रोलच्या पाइपात आहे, स्प्रिंगमध्ये आहे, आणि गाडी उचलली असेल तर तिच्या वजनातच आहे. इतक्या वर्षांत गॅरेजमध्ये जेवढी माणसं जखमी झालेली पाहिली, त्यातली बहुतेक बंद गाडीवर काम करताना झाली. साठलेला जोर अचानक सुटला आणि तो कुठल्या बाजूने येणार याचा कोणी आधी विचार केलेला नव्हता. म्हणून कुठल्याही नटाला हात लावण्यापूर्वी ओंकारला हा प्रश्न विचारायची सवय लाव.

सगळ्यात आधी जॅक. तुझी पार्किंगची जागा गेटकडे उतरती आहे आणि खाली पेव्हर ब्लॉक आहेत. या दोन्ही गोष्टी घातक. ब्लॉक वाळूवर बसवलेले असतात आणि पावसाळ्यात खालची वाळू वाहून जाते. वरून फरशी सपाट दिसते, पण जॅकच्या एवढ्याशा बुडावर भार आला की ब्लॉक एका अंगाला कलतो आणि जॅक तिरका होतो. मी पायाने दाबून पाहिलं, तुझ्या जागेतले दोन-तीन ब्लॉक आत्ताच डुगडुगतात. इमारतीच्या मागे कोबा केलेली सपाट जागा आहे, गाडी उचलायचं प्रत्येक काम तिथे करा. फक्त शेजारच्या पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवर गाडी घेऊ नका.

डिकीतला कात्रीसारखा जॅक रस्त्यात चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं काय, हातही घालायचा नाही. जॅक गाडी उचलतो, धरून ठेवायचं काम स्टँडचं, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायच्या लोखंडी घोडीचं. हायड्रॉलिक जॅक कितीही मोठा असला तरी आतलं तेल अडवणारं एक रबरी सील असतं, आणि ते केव्हा दगा देईल हे बाहेरून दिसत नाही. मी शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. एक जुना मिस्त्री सायलेन्सरचा क्लॅम्प आवळायला गाडीखाली गेला होता. काम पाच मिनिटांचं, म्हणून स्टँड लावला नव्हता. पण काढलेलं चाक त्याने सवयीने दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवलं होतं. मी शेजारी उकिडवा बसून त्याला पाने देत होतो. जॅकच्या बुडाशी तेलाची एक ओली रेघ दिसली आणि मी काही बोलायच्या आत गाडी आवाजसुद्धा न करता खाली आली. पट्टी रिमवर टेकली आणि तिथेच थांबली. मिस्त्रीच्या छातीत आणि पत्र्यात वीतभरही जागा नव्हती. आम्ही दुसरा जॅक लावून त्याला बाहेर काढलं. त्याने आधी पाणी मागितलं आणि मग स्टँड कुठे ठेवलेत ते विचारलं.

तुझी गाडी हलकी आहे, साडेसहाशे किलोच्या आसपास. पण त्यातले दीडशे किलो जरी छातीवर टेकले तरी माणसाला श्वास आत घेता येत नाही, आणि श्वास नसला की ओरडताही येत नाही. म्हणून एकट्याने गाडीखाली कधीच जायचं नाही. विटांवर किंवा पोकळ सिमेंट ब्लॉकवर गाडी टेकवायची नाही, ते न सांगता फुटतात.

आणखी एक गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. तुझ्या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना जातो. मागची बाजू उचललीस की हँडब्रेक ओढला काय न ओढला काय, सारखंच. तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायचे. पुढची बाजू उचललीस की उलट, तिथे गिअर कामाचा नाही, हँडब्रेक ओढायचा आणि ठोकळे मागच्या चाकांना. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल कर, उचललेल्या गाडीवर टॉमीला, म्हणजे नट सोडायच्या दांड्याला, हिसके द्यायचे नाहीत. जॅक दाराखालच्या पट्टीला जिथे खाचा आहेत तिथेच लाव. ऑइलच्या चेंबरखाली लावलास तर चेंबर चेपेल आणि गाडी घसरेल. स्टँडवर भार घेतला की बाहेर उभं राहून गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलव. पडायचीच असेल तर तू बाहेर असताना पडू दे.

आता बॅटरी. तुझ्या टर्मिनलवर पांढरा-हिरवट फुलोरा आलाय, तो पहिल्याच दिवशी काढावा लागेल. दहा नंबरचा पाना लागेल. आधी निगेटिव्ह काढायचा आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी. कारण गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. तू आधी पॉझिटिव्हवर पाना लावलास आणि त्याचं दुसरं टोक पत्र्याला टेकलं, तर पाना स्वतःच तार होतो आणि शेकडो अँपिअर करंट त्यातून धावतो. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण बोटातली अंगठी पाना आणि पत्रा यांच्यामध्ये सापडली तर क्षणात लाल होते, आणि ती ओढून काढता येत नाही. हातातलं कडं, घड्याळ, अंगठी, गळ्यातली साखळी, सगळं घरी ठेवून ये. ओंकारच्या मनगटावरचा गंडा दोरा आहे, त्यातून करंट जाणार नाही, पण फिरत्या बेल्टमध्ये तो अडकेल. तो सोडून ठेवायला सांग. वहिनींना वाईट वाटेल, पण काम झालं की परत बांधता येईल.

चार्जिंगवर असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून बंद बाल्कनीत बॅटरी चार्ज करू नकोस, आणि चार्जरचे चिमटे काढण्याआधी भिंतीवरचं बटण बंद कर. दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट घ्यायची वेळ आली तर काळ्या वायरचा शेवटचा चिमटा तुझ्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या एखाद्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब लाव. ठिणगी पडते ती शेवटच्या जोडाला, आणि ती बॅटरीच्या तोंडाशी पडायला नको.

पेट्रोलचा मला खरा घोर आहे. बॉनेट उघडल्यावर वास आला. बोट फिरवून पाहिलं तर इंजिनाकडे येणारा रबरी पाइप वाकणाच्या जागी भेगाळलेला होता. मी वॉचमनला सांगून आलोय की कुणीही गाडी सुरू करायची नाही. उणे चाळीस अंशांतही पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटू शकते, तेव्हा पुण्याची थंडी तिला काहीच नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत लांब जाते. आणि तुमच्या त्या कोब्याच्या जागेला लागूनच पंपरूम आहे, तिथला स्टार्टर मधूनच आपोआप लागतो आणि आत ठिणगी उडते. म्हणून जॅकसाठी चांगली असलेली ती जागा पेट्रोलच्या कामाला मात्र चालणार नाही.

शिवाय ही इंजेक्शनची गाडी आहे, म्हणजे हिच्यात पंप दाबाने पेट्रोल पाठवतो आणि ते इंजिनात फवारलं जातं. इंजिन बंद केल्यावरही पाइपात अडीच-तीन बारचा दाब उरतो. क्लिप सोडली की पेट्रोल गळत नाही, तोंडावर उडतं. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं आणि ते थंड झाल्यावरच पाइपाला हात लावायचा. हे काम तू करू नकोस, पाइप मी येऊन बदलून देतो. यात मी ऐकणार नाही.

उजेडासाठी घरातला बल्ब वायर ओढून गाडीखाली नेण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. तापलेल्या बल्बवर पेट्रोलचा एक थेंब पडला तर काच तडकते आणि आतली तार त्या वाफेतच उघडी पडते. सेलवर चालणारा एलईडी टॉर्च आण. पार्ट धुवायला पेट्रोल वापरायचं नाही. एबीसी पावडरचं अग्निशामक हाताशी ठेव, आणि त्याची पिन कशी काढायची ते ओंकारला आधीच दाखव. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते.

रेडिएटरचं तुला माहीतच आहे. मे महिन्यात खंबाटकीच्या चढाला बॉनेट उघडून, हातात बाटली नि फडकं घेऊन उभी असलेली माणसं आपण दोघांनी पाहिली आहेत. झाकण बंद असतं तेव्हा आत दाब असतो, म्हणून शंभरच्या वर गेलं तरी पाणी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून अंगावर येतं, शिटी न काढता कुकरचं झाकण उघडावं तसं. रेडिएटरचा वरचा रबरी होज हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबायचं. आणि पंख्यात बोटं घालू नकोस, तो विजेचा आहे, काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही आपण होऊन फिरतो. रेडिएटरच्या पाण्यात घालायचं कूलंट चवीला गोड आणि जहरी असतं. तुमच्या पार्किंगमध्ये मांजराची पिल्लं दिसली, तेव्हा सांडलेलं तिथल्या तिथे धुऊन टाका.

पुढचे शॉकअप काढायचे झाले तर अख्खे उतरवून माझ्याकडे आणा. वरचा मधला नट सोडलात तर दाबलेली स्प्रिंग सुटते, आणि ती कुणाची गय करत नाही. मागच्या ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, श्वासातून आत गेलं की फुप्फुसं खराब करणारं. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाका. ब्रेकचं काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा, पहिल्या काही दाबांना ते नुसतं तळाला जातं. इंजिन चालू ठेवून करायचं काम मोकळ्यावरच करा, सायलेन्सरमधल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. काढलेलं ऑइल डब्यात भरून माझ्याकडे दे, आमच्याकडून ते रिसायकलिंगला जातं. गटारात ओतलं की मुठेत जाणार.

मागच्या एका टायरवर ३४१४ असे चार आकडे आहेत. म्हणजे २०१४ सालचा चौतिसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसते, पण रबर कडक झालंय. नवा टायर घातल्याशिवाय हायवेला जाऊ नकोस.

काही झालंच तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी धरायचं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही. डोळ्यात बॅटरीतलं अ‍ॅसिड गेलं तर पापण्या उघड्या धरून भरपूर पाणी मारत राहायचं आणि मग डॉक्टरकडे. म्हणून काम सुरू करण्याआधी पाण्याची भरलेली बादली जवळ असू दे. अग्निशमन दलाचा नंबर १०१.

स्टँडची जोडी आणि चार ठोकळे मी नाना पेठेतून आणून ठेवतो. पेट्रोलचा पाइपही त्याच फेरीत घेईन. बदलीची ऑर्डर हातात आली की कळव, आणि ओंकारच्या हातमोज्यांचं माप पाठव. मोठ्यांचे मोजे त्याला सैल होतील आणि पाना निसटेल, मला त्याच्या मापाचेच घ्यायचे आहेत.

वहिनींना नमस्कार, ओंकारला आशीर्वाद.

तुझा,
अनिल